चौकोन बाप्याचा, गोल बाईचा

पोटभर पाणी पिऊन बसलेल्या माणसाला खोटं बोलायला फुरसत नसते. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलेलं नाही. बारामतीच्या एका सोनोग्राफी सेंटरच्या दारात स्टूल टाकून आठ वर्षं बसले, तेव्हा कळलं. नव्वद सालानंतरचे ते दिवस. सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी करायची तर बाईनं दोन तांबे पाणी प्यायचं आणि लघवी रोखून बसायचं. नंबर लागायला तासभर. त्या तासात बाया जे बोलतात ते त्या त्यांच्या देवापुढंही बोलत नसतील! त्यामुळं किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागलं नाही. माझ्या स्टुलाभोवती ते आपोआप साचत गेले.

मी मूळची वरकुट्याची. शाळेत एक दिवस गेले नाही. मराठी वाचायला शिकले भिंतीवरच्या दिनदर्शिकांवरून, आणि इंग्रजी शिकले औषधांच्या खोक्यांवरून. मला आलेलं पहिलं इंग्रजी वाक्य म्हणजे ‘शेक वेल बिफोर यूज’. पुढं ते मी बऱ्याच माणसांच्या बाबतीतही वापरलं. सेंटरमध्ये दार मी सांभाळायची, रजिस्टर मी लिहायची, आणि डॉक्टर चुकले तर त्यांना सांगायचीही मीच. डॉक्टर पुण्याचे, तरुण, बोलणं छापील. मला ‘अक्का’ म्हणायचे. गावाकडचे ‘आक्का’ म्हणायचे. मावशी म्हटलेलं मला चालायचं नाही.

*

नीरेच्या काठच्या एका गावातली सून होती. तिच्या नवऱ्याला मी आदल्या दिवशी बजावलं, “सकाळी दोन तांबे पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. समजलं?”

“समजलं!”

दुसऱ्या दिवशी वडापची, शिटा भरून नेणारी जीप दारात थांबली. त्यातून सासू, सासरे, दीर, नणंद आणि नवरा उतरले. उतरले कसले, मांड्या आवळून घसरत खाली आले! सासऱ्यांच्या कपाळावर घाम.

“आक्का, बिगीनं घ्या, मला थांबवंना!”

“तुम्हाला कशाला थांबायचंय?”

“तुमीच सांगितलं न्हवं, पानी पिऊन या!”

सगळ्या घरानं पाणी प्यायलं होतं. जीपच्या ड्रायव्हरनंसुद्धा! सेंटरला संडास एक. पुढचा पाऊण तास काय झालं ते मी लिहीत नाही.

आणि जिची तपासणी, ती एका कडेला निवांत उभी. कोरडी ठणठणीत!

“तू का गं प्यायली नाहीस?”

“आत्याबाई म्हनल्या, आधी मोठ्यांचं हू दे. माझा नंबर येस्तवर हंडा संपला.”

*

आता सुमनचं सांगते, कारण पुढचे बरेच किस्से तिच्या घराभोवतीच फिरतात.

सुमन कोऱ्हाळे बुद्रुकची, दिलेली अंथुर्ण्याला. सासरचं घराणं पूर्वी मेंढरं राखणारं, आता ऊस आणि ट्रॅक्टर. आली तेव्हा तिला चौथा महिना होता. सोबत सासू हौसाबाई, सासरे आबा, नवरा पोपट आणि कडेवर तीन वर्षांची राणी. नवऱ्याचं नाव पोपट, पण त्याच्या तोंडून मी महिनोन्‌महिने एक शब्द ऐकला नाही. त्याच्या वाटणीचं त्याची आईच बोलून घ्यायची.

राणीचे डोळे जन्मापासून ज्वारीच्या दाण्याएवढे. पापण्या उघडल्या तरी आत उजेड जायला जागाच नाही. पण कान असे तिखट, की दुसऱ्या खेपेला माझ्या चपलांच्या आवाजावरूनच म्हणाली, “आक्का आली.”

हौसाबाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या जाहीर केलं, “पयली आशी झाली. आता दुसरं बी आसंच निघालं तर हिला कोऱ्हाळ्याला सोडायची आन पोपटाचं दुसरं करायचं. ठरलंय आमचं.”

सुमनच्या तोंडावर! ती बिचारी हातातल्या तांब्याकडं बघत राहिली.

“आणि राणी?” मी विचारलं.

“ती हिच्यासंगं.”

“हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?”

“मी सासू!”

“मी आक्का!”

तिथपासून आमचं जमलं.

रजिस्टरात पत्ता लिहायचा होता. आबा म्हणाले, “पत्ता कशाला? अंथुर्ण्यात ‘कुलपाचं घर’ इचारा, कुनी बी सांगंल. आख्ख्या गावात पयलं कुलूप आमच्या दाराला लागलं, माझ्या आज्याच्या टायमाला!” आणि त्यांनी गॉगल सावरला. काळा, कडेनं बंद, घरात-दारात कायम डोळ्यांवर. सोनोग्राफीच्या खोलीत तर मुळातच अंधार. तिथंही आबा गॉगल लावून पडद्याकडं पाच मिनिटं बघत उभे राहिले, आणि डॉक्टरना म्हणाले, “मशीन चांगलं हाय. जरा अंधारं हाय, इतकंच.”

*

पोटातल्या बाळाचा डोळा पडद्यावर कसा दिसतो, सांगू? काळा वाटोळा खळगा, आणि त्यात बारीक पांढरं कडं. बाहुलीच्या बांगडीएवढं. ते कडं म्हणजे डोळ्याचं भिंग. दोन्हीकडं बांगडी दिसली की डॉक्टरांचा चेहरा उजळायचा. मग ते डोळ्याचं माप घ्यायचे आणि महिन्यांच्या तक्त्याशी ताडून बघायचे.

सुमनचं बाळ त्या दिवशी पाठ करून बसलं होतं. काही केल्या तोंड फिरवेना. “पुन्हा बघू,” म्हणून डॉक्टर हात धुवायला वळले. तेवढ्यात हौसाबाईंनी राणीच्या गालावरची काजळाची तीट बोटानं उचलली आणि पडद्याला लावली. नातवंडाला दृष्ट नको म्हणून! डॉक्टरांनी पाहिलं नाही. मीही नाही; ते मागून कळलं.

पुढच्या बाईची तपासणी झाली. डॉक्टर गप्प. तिच्यानंतरची झाली. डॉक्टर अजून गप्प. तिसरी झाली आणि ते पांढरेफटक पडून बाहेर आले.

“अक्का, तालुक्यात काहीतरी साथ आलीय. तीन बाळं, तिघांच्याही डोळ्याखाली काळा डाग. तोही एकाच जागी! मी पुण्याला फोन लावतो.”

मी आत गेले. चौथी बाई टेबलावर होती. थोडा वेळ पडद्याकडं बघितलं. “डॉक्टर, पोर हालतंय, डाग हालत नाही.” पदराचं टोक ओलं केलं आणि पडदा पुसला.

“घ्या. तालुका बरा झाला!”

*

मुलगा की मुलगी, हे सांगायचं नाही असा कायदा. पाटी मीच रंगवली होती. सरकारी शब्द मोठे, माझी फळी लहान. म्हणून मी लिहिलं, ‘पोरगा का पोरगी विचारील त्याला बाहेर जायचं दार उजव्या हाताला आहे.’

लोक हुशार. आमचे डॉक्टर डोळ्यांच्या नादी आहेत, हे गावोगाव पसरलेलं. एक इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ बायकोला घेऊन आला आणि अगदी सहज विचारतो, “डॉक्टरसाहेब, डोळं कुनावर गेल्यात? बापावर का आयवर?”

डोळ्यांचं विचारलं की डॉक्टर फुलायचे. त्यातली मेख त्यांना कुठली कळायला! म्हणाले, “ते इतक्यात कसं सांगणार? पण जागेवर आहेत हं, दोन्ही जागेवर!”

गृहस्थ बाहेर आला, आईच्या कानाशी लागला. मला सगळं ऐकू आलं. “जागंवर म्हनले. लेक तर सासरी जाती. जागंवर म्हंजी पोरगाच की!”

त्याला मुलगी झाली. तावातावानं भांडायला आला. “डॉक्टर जागंवर म्हनले व्हते!”

म्हटलं, “मग ठेव की जागेवर! सासरी पाठवू नकोस!”

*

एका दिवाळीत सूर्यग्रहण आलं. दुसऱ्या दिवशी सेंटरपुढं ही रांग! एकीनं ग्रहणात सुपारी कातरलेली, एकीनं नुसती कूस बदललेली, एकीनं काहीच केलं नव्हतं म्हणून ती जास्त घाबरलेली. “ग्रहण सोनोग्राफीत दिसत नाही हो,” डॉक्टर कळवळून सांगत होते. त्यावर एक म्हातारी म्हणाली, “ढीगभर पैकं घालून मग मशीन कशाला आनलंय?”

हौसाबाईंचं ठरलेलं होतं. राणी पोटात असताना सुमननं ग्रहणात दोडका चिरला, म्हणून पोरीचे डोळे असे झाले. सुमन म्हणायची, “आत्याबाई, मी चिरला न्हाय.” पण आत्याबाईंनी स्वतः बघितला होता, चिरलेला दोडका!

आता मी अक्षरं दिनदर्शिकांवर शिकलेली बाई. जुनी एकही दिनदर्शिका फेकत नाही. राणीच्या जन्माची तारीख विचारली, घरून दोन्ही वर्षांच्या आणल्या आणि नऊ महिने एकेक दिवस बोट ठेवून हौसाबाईंना दाखवले. आपल्याकडं दिसणारं एकही ग्रहण नव्हतं! एका कोपऱ्यात बारीक अक्षरात मात्र लिहिलेलं होतं: अमेरिकेत दिसेल, भारतात दिसणार नाही.

हौसाबाईंनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“ह्ये घ्या! तिकडच्या ग्रहनाला हिनं हितं दोडका चिरला!”

*

डॉक्टरांना शंका होती की राणीच्या डोळ्यांचं हे आईबापांकडून आलेलं आहे. पुण्यात जेनेटिक्सच्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडं रक्त पाठवायचं ठरलं. डॉक्टरांनी हौसाबाईंना आपल्या छापील मराठीत सांगितलं, “दोघांची रंगसूत्रं तपासायची आहेत.”

हौसाबाई उठल्या. सुमनच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. “तपासा! आमी घातलेलं हाय. पुण्यालाच काय, मुंबईला बी पाठवा, सोनं खरं निघंल!”

डॉक्टरांना काही उमजेना. “अहो, हे नाही. दोघांचं. पोपटरावांचंही लागेल.”

हौसाबाईंनी पोपटच्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं. मग दबक्या आवाजात मला विचारलं, “आक्का, पुण्यात बाप्यं बी घालत्यात व्हय?”

रक्त गेलं. महिन्यानं रिपोर्ट आला, दोघांचीही रंगसूत्रं नॉर्मल. हौसाबाईंनी गावात सांगून टाकलं, मंगळसूत्रात दोष न्हाय, दोष पोरीतच हाय!

*

मॅडमनी डॉक्टरांना कळवलं, खोट इतकी बारीक असेल की रंगसूत्रांच्या तपासणीत सापडायची नाही. घराण्याच्या चार पिढ्यांचा तक्ता काढून पाठवा. चौकोन बाप्याचा, गोल बाईचा. जन्मापासून डोळ्यात खोट असेल तर तो आकार काळा भरायचा. मेलेले, दिलेले, सगळे घ्यायचे. एकच घराणं काळं निघालं, तर खोट कुठून आली ते कळेल.

डॉक्टर विचारायला लागले की माणसं मिटायची. म्हणून पेन्सिल मी घेतली. बाटलीच्या बुचाभोवती फिरवली की गोल, खोडरबराभोवती फिरवली की चौकोन. महिन्याभरात मी डॉक्टरांपेक्षा सुबक तक्ता काढायला लागले. हे ते स्वतःच सांगायचे.

आबा आले ते सातबाराचा उतारा घेऊन! कागद, वाडवडिलांची नावं, रेघा, म्हणजे वारसनोंद, हे त्यांच्या डोक्यात पक्कं.

“आबा, बहिणी?”

“न्हाईत.”

“आत्या?”

“न्हाय.”

“आजोबांना मुली?”

“आक्का, कुनालाच न्हाय!”

हौसाबाईंनी मला बाजूला घेतलं. “हाईत वो बहिनी. तीन हाईत. पन कागदावर आल्या की जमिनीत वाटा मागत्यात.” म्हटलं, “अहो, हा डोळ्यांचा कागद आहे!” पण हौसाबाईंचंही खरं होतं. कागदाला काय कळतं तो कशाचा आहे ते!

संध्याकाळी डॉक्टरांनी तक्ता उजेडात धरला. तेवीस चौकोन. गोल एक नाही.

“अक्का, मग ही माणसं जन्मली कुठून?”

आबा छाती काढून म्हणाले, “आमचं घरानंच तसलं हाय!”

*

कोऱ्हाळ्याच्यांची तऱ्हा उलटी. आपल्या लेकीवर आळ आलाय म्हटल्यावर ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून अख्खी भावकी बारामतीत हजर! बाया, बाप्ये, तान्ही लेकरं. रस्त्यावर ओळ करून उभे, डोळे ताणून. “बघा आमचं डोळं! मारा बॅटरी!” सुमनच्या आजोबांनी भर उन्हात सुईत दोरा ओवून दाखवला. दोनदा. दुसऱ्यांदा चालत चालत.

डॉक्टर एकेकाच्या डोळ्यात बॅटरी मारत गेले, मी मागून गोल-चौकोन काढत गेले. एकही काळा नाही.

“आणि जे हयात नाहीत त्यांचं काय?” मी विचारलं, मॅडमनी सांगितलेलंच.

सुमनचा भाऊ ट्रॉलीत चढला आणि चार फ्रेमा घेऊन उतरला. घरातले हार घातलेले फोटो! ते त्यानं भिंतीला टेकवून ओळीनं लावले.

आणि आमचे डॉक्टर, एवढे शिकलेले, खाली बसले आणि फोटोंच्या डोळ्यांत बॅटरी मारायला लागले!

*

राहिले आबा.

“आबा, एकदा गॉगल काढा,” डॉक्टर म्हणाले.

“कुस्तीत माती गेली व्हती डोळ्यात. वस्तादानं सांगितलंय, काढायचा न्हाय.”

“वस्ताद कुठं असतात?”

“वारलं.”

मी हौसाबाईंना गाठलं. “तुम्ही तर बघितलाच असेल की डोळा.”

हौसाबाईंनी इकडं-तिकडं बघितलं. “कुठला वो! लग्नात मुंडावळ्या आडव्या आल्या. मग दिवसभर त्ये मेंढरामागं, आन घरात यायच्या आधी कंदील इझवायला लावायचे. मग बाजारात गॉगल निघालं. चाळीस वर्सं झाली आक्का.” आणि माझा हात दाबून म्हणाल्या, “काढलाच तर मला हाक मारा. मला बी लई दिवस बघायचाय!”

*

सुमनला सातवा लागला. त्या खेपेला डॉक्टर बाळाच्या डोळ्यांची मापं घेणार होते. त्यावर तिचा संसार टांगलेला. हौसाबाईंनी येताना तिची पिशवी भरूनच आणली होती. रिपोर्ट वाईट आला तर तिथूनच कोऱ्हाळ्याची एसटी.

पिशवी बघितली आणि माझं डोकं सणकलं. पण माझीही तयारी होती. इंदापुरात त्या आठवड्यात हेळवी आलेला आहे, हे मला वडापवाल्यांकडून कळलं होतं. त्यांच्याच हाती निरोप धाडला होता: कुलपाच्या घराची चोपडी घेऊन बारामतीला ये.

हेळवी म्हणजे पिढ्या सांगणारा. सुगी झाली की खालून, कर्नाटकाकडून, बैलावर बसून येतो. दारापुढं थांबून त्या घराण्याच्या पिढ्या खड्या आवाजात म्हणून दाखवतो, नवी नावं चोपडीत लिहितो, धान्य घेतो, पुढं जातो. बैलावरून उतरायचं नाही, जमिनीला पाय लावायचा नाही, ही त्याची रीत. आमच्या घराण्याला हेळवी नव्हता. आमच्या पिढ्या सांगायला बैलावर बसून कुणी आलं नाही; छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या आम्ही लिहिल्या, आणि कुणापेक्षा कमी लिहिल्या नाहीत. पण आबांच्या घराण्याला हेळवी होता. आणि हेळव्याच्या चोपडीत बाया असतात! दिलेल्या लेकीच्या सासरीही त्याला सूपभर जोंधळे मिळतात ना!

अकरा वाजता दारात घंटा वाजली. झूल घातलेला बैल, वर पांढऱ्या मिशांचा हेळवी.

“बैल आत घिऊ का?”

“बैल बाहेर, तोंड आत!” मी म्हटलं.

त्याच्या तोंडाबरोबर बैलाचंही तोंड आत आलं. पाणी पिऊन बसलेल्या बाया किंचाळल्या, “आक्का, हसवू नगासा, पाया पडतो!”

आबा उठायला लागले. मी दारात स्टूल सरकवलं आणि त्यावर बसले. “सांग रे.”

हेळव्यानं चोपडी उघडली आणि सूर लावला. एकेक नाव, त्याची बायको, तिचं माहेर, त्यांच्या लेकी, लेकींची सासरं. माझं बूच थांबेना! चौकोनांच्या शेजारी गोलच गोल. मग तो आबांच्या आज्यापाशी आला.

“जोत्याजी. त्याच्या पोटी दोन ल्योक, एक लेक. लेक ठकूबाई, दिली वरकुट्याला. दोन्ही डोळं जन्माचं बारीक.”

माझी पेन्सिल थांबली. ठकूबाई! आमच्या वरकुट्याची ठकूबाई. मी परकरात होते तेव्हा ती म्हातारी झालेली. विहिरीच्या वाटेवर बसायची आणि पावलांवरून माणसं ओळखायची. आमच्या वस्तीतल्या पोरींनाही नावानं हाक मारायची. डोळे असलेले मारत नव्हते.

मी तो गोल काळा भरला, कागद फाटेपर्यंत.

“आबा, तुम्हाला आत्या नव्हती ना?”

आबा गॉगल सावरायला लागले. हेळवी थांबला नव्हता. “जोत्याजीचा सोताचा डावा डोळा. आतली बाहुली खाली फाटल्याली, कुलपाच्या भोकावानी. म्हनून नाव पडलं, कुलपाचं घर.”

“खोटं!” आबा ओरडले. “कुलूप दाराला व्हतं!”

“दार?” हेळव्यानं चोपडी मिटली. “आबा, तवा तुमची पालं व्हती. मेंढरामागं फिरत व्हता तुमी. तुमच्या आज्याला दारच न्हवतं!”

सगळी खोली आबांकडं बघत होती. बैलसुद्धा. आबांनी दोन्ही हातांनी गॉगल काढला.

डाव्या डोळ्यात किल्ली घालावी असं भोक! गोल बाहुली, आणि तिच्यातून खाली उतरलेली काळी चीर. डॉक्टर बॅटरी घेऊन धावले, पण हौसाबाई आधी पोचल्या. नाकाला नाक लावून त्यांनी तो डोळा निरखला.

“आगं बया. चांगला तर हाय की!”

मग एकदम लक्षात आलं. कंबरेवर हात गेले. “म्हंजी वाण तुमचं? उठा! घ्या ती पिशवी! आता कोऱ्हाळ्याला कोन जायाचं त्ये ठरवू!”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एकच खोट, पण कुणाला नुसती चीर, कुणाचा डोळाच दाण्याएवढा. आबांकडून पोपटकडं आली. पोपटच्या डोळ्यात आत, वरून दिसणार नाही अशी असेल. पुढं पुण्याला तपासलं तेव्हा निघालीही. पोटातल्या बाळाकडं यायची शक्यता आधाआधी. आणि दोडक्याचा काही संबंध नाही.

मग सुमनला आत घेतलं. दार लागलं. हौसाबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, मग खाली ठेवली, मग परत घेतली. बाया पाण्याचं विसरल्या. बैलाची घंटासुद्धा वाजेना.

डॉक्टर दारात आले. “दोन्ही बांगड्या दिसल्या. माप महिन्याबरोबर आहे. बारीक चीर असलीच तर ती जन्मानंतरच कळेल. पण डोळे आहेत. दोन आहेत.”

मागून सुमन आली, पोटावरची जेली पुसायची विसरून. कुणाकडं न बघता तिनं हौसाबाईंच्या मांडीवरची पिशवी घेतली, उघडली, आतलं लुगडं काढून खांद्यावर टाकलं आणि रिकामी पिशवी घडी करून त्यांच्या हातात दिली.

हेळवी लेखणी घेऊन तयार. “काय लिव्हू? बाप्या का बाई?”

सगळ्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी माझ्या पाटीकडं.

म्हटलं, “गोल का चौकोन ते आल्यावर. आत्ता दोन डोळे लिही.”

त्यानं लिहिलं. आणि तेवढ्यात एक अनोळखी आवाज आला. घोगरा, न वापरलेला.

“राणीचं लिव्हलंय का?”

पोपट बोलला होता!

हेळव्यानं पानं चाळली. “पोपटाला पोर हाय? मागच्या सालाला दारात इचारलं तर म्हनले, काय न्हाय.”

हौसाबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागल्या.

“लिव्हा,” पोपट म्हणाला. “राणी. पयली.”

हेळवी लिहीत होता तोवर राणी बापाच्या कडेवरून पुढं झुकली होती. तिचा हात बैलाच्या नाकावर. तिथून कपाळावर, तिथून शिंगावर. “मला ह्येच्यावर बसायचंय.”

“न्हाय बाळा,” हौसाबाई हळू म्हणाल्या. “त्येच्यावर हेळवीच बसतो. त्यो कधी खाली उतरत न्हाय.”

हेळव्यानं राणीकडं बघितलं. चोपडी बगलेत धरली. मग एक पाय बैलावरून पलीकडं टाकला आणि सरळ खाली उतरला. दोन्ही पाय बारामतीच्या डांबरी रस्त्यावर! राणीला उचलून त्यानं वर बसवलं, कासरा हातात घेतला आणि कोपऱ्यापर्यंत चालत निघाला.

आबांच्या हातातला गॉगल तसाच. डॉक्टरांच्या हातातली बॅटरी चालूच.

हौसाबाईंनी माझा दंड घट्ट पकडला.

“आगं बया, आक्का! ह्येला पाय हाईत!”